मुलांमधला ऑटिझम खरंच वाढतोय का? बडोद्यातल्या मराठी घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यात स्पेशल एज्युकेटर म्हणून काम करताना मराठी घरांतून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. ऑटिझम म्हणजे स्वमग्नता: मेंदूच्या घडणीतला असा फरक, ज्यात मुलाला माणसांशी जोडून घेणं जड जातं. आईबाबा विचारतात, त्यांच्याहून जास्त आजी-आजोबा विचारतात, आणि अलीकडे लग्न ठरलेल्या मुलीसुद्धा विचारू लागल्या आहेत. निदान डॉक्टरांनीच करायचं असतं, हे पान वाचून कुणी घरच्या घरी करू नये. पण भ्यायचं कशाला आणि कशाला नाही, एवढं मात्र इथून नक्की कळेल.

ऑटिझम खरंच वाढतोय का?

निदान झालेल्या मुलांची संख्या प्रचंड वाढली आहे. ऑटिझम असलेली मुलं मात्र त्या प्रमाणात वाढलेली नाहीत. थोडी खरी वाढ असेलही, तिच्याबद्दल पुढे लिहिलं आहे. पण वाढीचा मोठा भाग हा पूर्वीही असलेली, पण कुणी न ओळखलेली मुलं आता ओळखली जाण्याचा आहे.

"दर ३१ मुलांमागे एक" हा आकडा आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर वाचला. तो खरा आहे?

खरा आहे, पण तो अमेरिकेचा आहे. तिथली सीडीसी ही सरकारी आरोग्य संस्था ठरावीक भागांतल्या आठ वर्षांच्या मुलांची पाहणी करते. २००० साली तिला १५० मुलांमागे एक मूल स्वमग्न आढळलं, २०१० मध्ये ६८ मागे एक, २०२० मध्ये ३६ मागे एक आणि २०२२ च्या पाहणीत ३१ मागे एक. हा शेवटचा आकडा एप्रिल २०२५ मध्ये जाहीर झाला आणि तेव्हापासून तो फिरतो आहे.

फॉरवर्डमध्ये एक गोष्ट लिहिलेली नसते. ही पाहणी दारोदार जाऊन मुलं तपासत नाही. शाळांची आणि दवाखान्यांची कागदपत्रं चाळून ती केली जाते. त्यामुळे जिथे तपासणीच्या सोयी जास्त, तिथे आकडा मोठा निघतो. २०२२ मध्ये टेक्सासमधल्या लारेडोत हजार मुलांमागे ९.७ मुलं सापडली आणि कॅलिफोर्नियातल्या एका भागात हजारामागे ५३.१. एकाच देशात पाचपटीचा फरक! दोन गावांतल्या मुलांचे मेंदू इतके वेगळे असणं शक्य नाही, तपासणारी माणसं वेगळी आहेत. आणखी एक: सुरुवातीची कित्येक वर्षं तिथे गोऱ्या मुलांमध्ये प्रमाण जास्त दिसायचं. २०२० च्या पाहणीत पहिल्यांदाच कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि आशियाई मुलांमधलं प्रमाण गोऱ्यांच्या पुढे गेलं. गरीब वस्त्यांपर्यंत तपासणी पोचली, तशी तिथली मुलं यादीत आली.

मग आकडा एवढा फुगला कशामुळे?

यासाठी थोडं मागे जावं लागेल, कारण या प्रश्नाचं उत्तर मुलांपेक्षा व्याख्येच्या इतिहासात जास्त आहे.

१९४३ मध्ये अमेरिकेतल्या लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञाने अकरा मुलांचं वर्णन केलं. स्वतःतच रमणारी, ठरलेल्या क्रमात जराही बदल न खपणारी मुलं. पुढची कित्येक वर्षं ऑटिझम म्हणजे अगदी त्या अकरांसारखं मूल, असंच धरलं जाई. १९६६ मध्ये इंग्लंडच्या मिडलसेक्स परगण्यात व्हिक्टर लॉटर यांनी पहिली मोठी मोजणी केली, तेव्हा दहा हजारांत साडेचार मुलं निघाली. एवढी कमी, कारण गाळणीच तशी होती. जे मूल थोडंफार बोलतं, शाळेत जातं, गणितात हुशार आहे पण मित्र जोडू शकत नाही, ते त्यांच्या मोजणीत येणंच शक्य नव्हतं.

नंतर व्याख्या रुंदावत गेली. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत ऑटिझमला १९८० मध्ये स्वतंत्र जागा मिळाली, १९८७ मध्ये निकष सैल झाले, १९९४ मध्ये अ‍ॅस्पर्जर (ज्यात बोलणं वेळेवर येतं तो प्रकार) आला, आणि २०१३ मध्ये हे सगळे प्रकार 'ऑटिझम स्पेक्ट्रम' या एकाच छत्राखाली आले. २०१३ पर्यंत त्या पुस्तिकेच्या नियमाने एकाच मुलाला ऑटिझम आणि एडीएचडी (अतिचंचलता, लक्ष न टिकणं) अशी दोन्ही निदानं देता येत नव्हती. ती अट गेली, आणि नुसता 'चंचल' म्हणून नोंदलेला मुलगा ऑटिझमच्या यादीतही दिसू लागला.

नावांची अदलाबदलही झाली. पूर्वी ज्यांना सरसकट 'मतिमंद' म्हटलं जाई, त्यातल्या बऱ्याच मुलांचं निदान पुढे ऑटिझम असं झालं. एका खात्यातून दुसऱ्यात नाव गेलं, तरी दुसऱ्या खात्याचा आलेख चढतोच. अमेरिकेत १९९० नंतर विशेष शिक्षणाच्या कायद्यात ऑटिझम हा वेगळा गट झाला, म्हणजे निदान झालं तर मुलाला शाळेत मदत मिळू लागली. २००७ च्या सुमारास तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने दीड आणि दोन वर्षांच्या प्रत्येक मुलाची चाचणी करा असं सांगितलं. शोधायला लागल्यावर सापडणारच.

हा नुसता तर्क नाही. डेन्मार्कमध्ये १९८० ते १९९१ या काळात जन्मलेल्या जवळजवळ पावणेसात लाख मुलांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा वाढीतला सुमारे ६० टक्के भाग निदानाचे निकष आणि नोंदणीची पद्धत बदलल्यामुळे होता असं दिसलं. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी स्वीडनमधून याहून बोलका निष्कर्ष आला. जुळ्या मुलांच्या पालकांना लक्षणांबद्दल तेच प्रश्न वर्षानुवर्षं विचारले होते. दहा वर्षांत लक्षणं असलेल्या मुलांचं प्रमाण जवळजवळ तेवढंच राहिलं होतं, सरकारी नोंदीतली निदानं मात्र सतत वाढत होती.

आणि इंग्लंडचा मोठ्या माणसांचा अभ्यास तर मी प्रत्येक आजोबांना सांगते. तिथे घरोघरी जाऊन प्रौढांना तपासलं, तेव्हा सुमारे एक टक्का माणसं स्वमग्न निघाली, आणि म्हाताऱ्यांमध्ये प्रमाण तरुणांपेक्षा कमी आहे असं आढळलं नाही. रोग नवा असता तर सत्तरीच्या माणसांत तो दिसला नसता.

पण आमच्या लहानपणी आख्ख्या वाड्यात असं एकही मूल नव्हतं!

होतं. त्याला दुसरं नाव होतं.

कुणाचा तरी धाकटा काका लग्नाविना राहिला, रोज त्याच वेळी त्याच रस्त्याने सूरसागरला फेरी मारायचा, पाहुणे आले की माडीवर जाऊन बसायचा, आणि कुठल्याही तारखेचा वार क्षणात सांगायचा. घरचे म्हणायचे, "तो भोळा आहे." एखादी मुलगी बोलायचीच नाही, ती 'मुकी'. एखादा मुलगा सारखा गोल गोल फिरायचा, त्याला 'खुळा' म्हणून पोरं दगड मारायची. ज्यांची अवस्था फारच कठीण होती, ती मागच्या खोलीत असायची आणि सणासुदीला कुणाच्या नजरेस पडू नयेत अशी व्यवस्था केली जायची. मोठ्या एकत्र कुटुंबांत त्यांची पोटाची सोय होत असे, हे खरं. पण त्यांना कुणी शिकवलं नाही, कुणी समजून घेतलं नाही, आणि कुठल्याही वहीत त्यांची नोंद झाली नाही.

सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये सबंध बडोदा राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. मुलं वर्गात येऊन बसली, की कोण वेगळं आहे ते मास्तरांना दिसतंच. पण त्या काळी अशा मुलाला जगात कुठेच नाव नव्हतं. 'डोक्यात शिरत नाही' एवढंच मास्तर म्हणू शकत होते.

भारतात प्रमाण किती आहे?

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला इन्क्लेन या संस्थेचा अभ्यास आपल्याकडचा सगळ्यात भरवशाचा. पलवल, कांगडा, ढेंकनाल, हैदराबाद आणि उत्तर गोवा अशा पाच ठिकाणी दोन ते नऊ वयाची ३,९६४ मुलं तपासली. ऑटिझमचं प्रमाण साधारण शंभरात एक असं निघालं. जागतिक आरोग्य संघटनाही २०२१ साठी सगळ्या वयाच्या १२७ माणसांमागे एक असा अंदाज देते, म्हणजे फार दूर नाही.

भारतात वर्षानुवर्षं त्याच पद्धतीने केलेली मोजणी नाही. म्हणून 'भारतात ऑटिझम इतक्या पटीने वाढला' असं कुणी ठामपणे सांगत असेल, तर त्याच्याजवळ त्याला आधार नाही. माझी चिंता उलटीच आहे. शंभरात एक धरलं, तर बडोद्यासारख्या शहरात हजारो मुलं असायला हवीत. थेरपी सेंटरच्या बाकांवर त्यातली फार थोडी दिसतात. बाकीची कुठल्या तरी बालवाडीत 'खोडकर' म्हणून किंवा घरात 'लाजाळू' म्हणून वाढत आहेत.

म्हणजे खरी वाढ अजिबात नाही?

थोडी असणं शक्य आहे. आई आणि बाबा दोघांचंही वय मूल होताना जास्त असेल, तर शक्यता काहीशी वाढते, आणि आता लग्नं उशिरा होतात. खूप आधी जन्मलेली, खूप कमी वजनाची बाळं पूर्वी हाती लागत नसत. आता एनआयसीयूमुळे (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागामुळे) जगतात, आणि त्यांच्यात ऑटिझमचं प्रमाण इतर मुलांपेक्षा जास्त असतं. बाळ जगलं याचा आनंद मोठा आहे, त्यात ही एक जोखीम आहे एवढंच. फिट येणाऱ्या बाईने गरोदरपणी व्हॅल्प्रोएट हे औषध घेतलं तरीही धोका वाढतो. अशा मुलींनी मूल होऊ देण्याचं ठरवण्याआधी न्यूरॉलॉजिस्टशी बोलावं. गोळी आपल्या मनाने कधीही बंद करू नये, कारण फिट स्वतःच आईच्या आणि बाळाच्या जिवावर बेतू शकते.

पण ऑटिझमचा सगळ्यात मोठा धागा जनुकांचा आहे. जुळ्यांच्या अभ्यासांवरून आनुवंशिकतेचा वाटा ८० टक्क्यांच्या आसपास काढला जातो. सबंध समाजाची जनुकं वीस वर्षांत बदलत नाहीत, त्यामुळे वीस वर्षांत आलेली उसळी त्यांनी आणलेली असू शकत नाही.

माझं काही चुकलं का? मी नोकरी करत होते, बाळ सासूबाईंकडे असायचं.

नाही. काहीच चुकलं नाही.

हा प्रश्न आया दार लावून घेऊन विचारतात, म्हणून जास्त लिहिते. एकेकाळी पाश्चात्त्य देशांत डॉक्टरच म्हणायचे की आई मायेने वागली नाही, म्हणून मूल असं झालं. त्या समजुतीने एका पिढीतल्या आयांचं आयुष्य जाळलं. जुळ्या मुलांच्या अभ्यासांनी १९७७ पासून ती खोटी ठरवली. आपल्याकडे ती समजूत वेगळे कपडे घालून अजून फिरते. ग्रहणात बाहेर गेली होती, डोहाळे पुरवले नाहीत, सातव्या महिन्यापर्यंत स्कूटर चालवली, बाळाला अंगावर कमी पाजलं. यातल्या एकाही गोष्टीने ऑटिझम होत नाही. ऑटिझमची सुरुवात बहुतेक वेळा गर्भातच, मेंदू घडत असताना होते. सासरच्या बैठकीत कुणी 'तुमच्याकडे कुणी होतं का असं?' म्हणून सुनेकडे बोट दाखवलं, तर नवऱ्याने तिथल्या तिथे बोललं पाहिजे. जनुकं दोन्ही घरांतून येतात, आणि कधी कधी तर बाळाच्या वेळी नव्यानेच बदललेली असतात.

लसीमुळे होतो का?

नाही. ही अफवा १९९८ मध्ये अँड्र्यू वेकफील्ड या ब्रिटिश डॉक्टरच्या, एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) या लसीवर बोट ठेवणाऱ्या बारा मुलांवरच्या लेखातून सुरू झाली. लेखात अप्रामाणिकपणा होता हे चौकशीत सिद्ध झालं, तो छापणाऱ्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये तो मागे घेतला आणि त्याच वर्षी वेकफील्डचा डॉक्टरकीचा परवानाही गेला. त्यानंतर डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांची पाहणी झाली. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांमध्ये ऑटिझमचं प्रमाण सारखंच होतं. जपानने १९९३ मध्ये एमएमआर ही एकत्र लस बंद केली. योकोहामात त्यानंतरही निदानं वाढतच राहिली.

मग आईला का वाटतं की लसीनंतरच झालं? आपल्याकडे गोवर-रुबेलाचा दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान असतो. काही स्वमग्न मुलं आलेले दोन-चार शब्द विसरतात, तेही याच वयात. दोन्ही गोष्टी कॅलेंडरवर शेजारी येतात. आईचं निरीक्षण बरोबर असतं, कारण मात्र ते नसतं. गोवर मात्र खरा आहे आणि त्याने मुलं दगावतात.

गरोदरपणी पॅरासिटामॉल घेतली होती.

या गोळीचा ऑटिझमशी संबंध आहे असं सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनीच जाहीर केल्यावर हा प्रश्न सुरू झाला. स्वीडनमध्ये २०२४ साली जवळपास पंचवीस लाख मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आहे. एकाच आईची दोन मुलं, एकाच्या वेळी गोळी घेतलेली, दुसऱ्याच्या वेळी नाही, अशी तुलना केल्यावर ऑटिझमशी संबंध उरला नाही. गरोदरपणी जोराचा ताप अंगावर काढणं बाळाला घातक असतं. डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी, आणि घेतली असेल तर मनाला लावून घेऊ नये.

मोबाइलमुळे होतो का? 'व्हर्च्युअल ऑटिझम' म्हणजे काय?

असं कुठलंही अधिकृत निदान नाही. मोबाइलने ऑटिझम होत नाही.

पण मोबाइल मुलाचा बोलण्याचा वेळ खातो, हे मी रोज पाहते. कोविडच्या काळात जन्मलेली कित्येक मुलं अडीच वर्षांची झाली तरी गप्प होती. त्यांनी घराबाहेरचा माणूस फारसा पाहिलाच नव्हता, आणि जेवण भरवायला समोर यूट्यूब असायचं. फोन बंद करून, कमाटीबागेत नेऊन, रोज मांडीवर घेऊन गप्पा मारल्यावर काही मुलं दोन-तीन महिन्यांत फुलतात. अशा मुलांना बहुधा ऑटिझम नव्हताच, बोलायला संगत नव्हती. जी फुलत नाहीत, त्यांची तपासणी हवी. आणि धोका असा की, 'फोन बंद करू, मग बघू' म्हणत सहा महिने जातात. फोन आज बंद करा आणि तपासणीची वेळही आजच घ्या. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे: दोन वर्षांपर्यंत स्क्रीन नाही, पाचपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांच्या सोबत.

घरात मराठी, बाहेर गुजराती, टीव्हीवर हिंदी, शाळेत इंग्रजी. मूल गोंधळून गप्प झालं असेल का?

बडोद्यातल्या मराठी घराइतका हा प्रश्न क्वचितच कुणाला सतावत असेल. जास्त भाषांनी ऑटिझम होत नाही आणि असलेला वाढतही नाही. अनेक देशांत दोन भाषांत वाढणाऱ्या स्वमग्न मुलांचे अभ्यास झाले आहेत. एका भाषेत वाढणाऱ्यांपेक्षा ती मागे पडत नाहीत.

मला याचा राग येतो, कारण शाळा पालकांना बिनदिक्कत सांगतात, "घरी फक्त इंग्रजी बोला." आजीला इंग्रजी येत नाही. मग आजी गप्प होते, आई तुटक इंग्रजीत 'कम', 'सिट', 'ईट' म्हणत राहते, आणि घरात मुलाशी गप्पा मारणारं एकही माणूस उरत नाही. ज्या मुलाला आधीच माणसांशी जोडून घेणं जड जातं, त्याच्याभोवतीची सगळ्यात ऊबदार भाषा आपण काढून घेतो. आजीने मराठीतच बोलावं. 'चिऊताई चिऊताई दार उघड' म्हणावं, आणि मधे थांबून मुलाच्या तोंडाकडे बघावं. गुजराती ते गल्लीत आणि शाळेत शिकेलच.

"त्याचा बापही तीन वर्षांपर्यंत बोलला नव्हता." थांबून पाहू का?

थांबू नका. बाप उशिरा बोलला असेल, आणि त्याची कधी तपासणी झाली नव्हती हेही तितकंच खरं आहे.

नुसतं बोलणं पाहू नका, बोट पाहा. वर्षा-सव्वा वर्षाचं मूल गच्चीवरचं माकड दिसलं की बोट दाखवतं, मग वळून तुमच्याकडे पाहतं: तुम्हालाही दिसलं ना? ही दोन हालचालींची जोडी फार मोलाची आहे. स्वमग्न मुलात ती बहुधा उशिरा येते किंवा येतच नाही. मला आठवतो एक दोन वर्षांचा मुलगा. त्याला दूध हवं होतं. त्याने आजीचं मनगट धरलं, तिला फ्रिजपाशी नेलं, तिचा हात हँडलवर ठेवला, आणि एवढ्या वेळात एकदाही तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही. आजी कौतुकाने सांगत होती, "किती हुशार आहे, न बोलता काम करून घेतो." हुशार तो होताच. पण त्या क्षणी त्याला आजी नको होती, आजीचा हात हवा होता.

बारा महिन्यांपर्यंत बोबडे आवाज किंवा हातवारे नाहीत, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत 'आई ये' असे स्वतःहून जोडलेले दोन शब्द नाहीत, नावाने हाक मारल्यावर वळत नाही, किंवा आलेले शब्द गेले: यातलं एक जरी असलं तरी बालरोगतज्ज्ञांना भेटा. सगळ्यात आधी कान तपासून घ्या. बेरा नावाची तपासणी झोपलेल्या मुलावरही होते. आणि कुणी 'मुलगे उशिराच बोलतात' म्हणून परत पाठवलं, तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा.

मुलींमध्ये कमी असतो का?

नोंदीत कमी दिसतो. अमेरिकेच्या २०२२ च्या पाहणीत एका मुलीमागे ३.४ मुलगे आहेत. पण मुली इतरांचं पाहून वागणं उचलतात, वर्गात शांत बसतात, आणि घरी आल्यावर कोसळतात. शांत मुलीला आपण गुणी म्हणतो. म्हणून ती निसटते.

पहिल्या मुलाला आहे. दुसऱ्याला होईल?

ज्या घरात एक मूल स्वमग्न आहे, तिथे पुढच्या भावंडांपैकी साधारण पाचात एकाला ऑटिझम निघतो. म्हणजे पाचात चारांना नाही. दुसऱ्या बाळाकडे नऊ महिन्यांपासून नीट लक्ष ठेवा आणि डॉक्टरांना पहिल्याबद्दल स्वतःहून सांगा.

बरा होतो का? स्टेम सेलने होतो असं ऐकलं.

ऑटिझम हा मेंदूच्या घडणीतला फरक आहे, तो 'घालवून टाकणारं' औषध नाही. मूल शिकतं, बदलतं, कधी कधी सगळ्यांना चकित करतं. स्पीच थेरपी (बोलण्याचा सराव), ऑक्युपेशनल थेरपी (रोजच्या कामांचा सराव), आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे घरच्यांनी रोजच्या अंघोळी-जेवणात केलेला सराव, यांनी फरक पडतो. जितक्या लवकर सुरू कराल तितका जास्त.

स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी शरीरात सोडण्याच्या उपचारासाठी लाखो रुपये मागतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने २०२२ मध्येच सांगितलं आहे की ऑटिझमसाठी ही उपचारपद्धती शिफारस करण्याजोगी नाही. शरीरातले धातू काढणाऱ्या 'चिलेशन'ने तर २००५ मध्ये अमेरिकेत एका पाच वर्षांच्या स्वमग्न मुलाचा जीव गेला. गहू आणि दूध बंद करण्याने ऑटिझम कमी होतो याला भक्कम पुरावा नाही, आणि ही मुलं मुळातच मोजके पदार्थ खातात. एका मुलाने बिस्किटाच्या पुड्याचा रंग बदलला म्हणून तेच बिस्किट खाणं सोडलं होतं. अशा मुलाच्या ताटातून आणखी दोन गोष्टी काढण्याआधी डॉक्टरांशी बोला. दागिने मोडून उपचार करायला निघालेल्या आईबाबांना माझी हात जोडून विनंती आहे, ते पैसे थेरपीसाठी आणि मुलाच्या पुढच्या आयुष्यासाठी ठेवा.

गणपतीत, गरब्यात, उत्तरायणात मूल कानांवर हात घेऊन ओरडतं. न्यायचंच नाही का?

न्या, पण वेळ बघून. आरतीच्या वेळी झांजा आणि ताशे त्याला खरोखर दुखतात, तो हट्ट नसतो. दुपारी मांडव रिकामा असताना न्या, मूर्ती जवळून पाहू द्या, मोदक खाऊ द्या. कानांवर लावायचे आवाज कमी करणारे हेडफोन मिळतात, ते जवळ ठेवा. उत्तरायणात गच्चीगच्चीवर स्पीकर असतात, तेव्हा घरात एक शांत खोली आधीच ठरवा. शेजाऱ्यांना एकदा स्पष्ट सांगून टाका. बहुतेक जण समजून घेतात, आणि जे घेत नाहीत त्यांच्यासाठी मुलाला कोंडू नये.

शाळा प्रवेश नाकारू शकते का?

अपंगत्व आहे म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात ऑटिझम आहे. १९९५ च्या जुन्या कायद्यात तो नव्हता, म्हणजे त्या काळी अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी मुलाला मतिमंद ठरवून घ्यावं लागे. सरकारी आकडे कसे घडतात त्याचा हाही एक नमुना. नव्या कायद्याने ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा त्याच्या आवडीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. तोंडी नकार मिळाला, तर तो लेखी मागा.

तपासणी आणि प्रमाणपत्रासाठी कुठे जायचं?

सुरुवात नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांपासून करा. ऐपत नसेल तर सयाजी रुग्णालयाच्या बालरोग विभागात जा. अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम येते. २०१३ पासूनचा हा कार्यक्रम जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे, आणि तपासणीत शंका आली तर पुढच्या केंद्रात मोफत पाठवतात.

प्रमाणपत्रासाठी आयएसएए ही भारतातच तयार झालेली ४० मुद्द्यांची चाचणी वापरतात. अर्ज यूडीआयडी कार्डाच्या (दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या) संकेतस्थळावरून करायचा. मुलाचा आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि आतापर्यंतचे सगळे रिपोर्ट एका फाइलीत लावून न्या, मूळ आणि झेरॉक्स दोन्ही. सकाळी भूक लागेपर्यंत रांगेत थांबावं लागू शकतं, म्हणून डबा, पाणी आणि मुलाची आवडती वस्तू बरोबर ठेवा. पुष्कळ घरं 'कागदावर शिक्का नको' म्हणून हे टाळतात. शिक्क्याने मूल बदलत नाही, पण कार्डावर नॅशनल ट्रस्ट या सरकारी संस्थेचा वर्षाला एक लाखापर्यंतचा निरामय आरोग्य विमा, जुन्या करपद्धतीत आयकरातली सूट आणि परीक्षेत जादा वेळ मिळतो.

मूल अठराचं झालं की कायद्याने आईबाबा आपोआप पालक राहत नाहीत. स्वतःचे व्यवहार सांभाळू न शकणाऱ्या मुलासाठी नॅशनल ट्रस्टच्या १९९९ च्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे कायदेशीर पालकत्वाचा अर्ज करावा लागतो. सतरावं लागलं की कागद जमवायला सुरुवात करा.